पोच

मिरजेहून पुण्याला परतलं की आत्याला फोन करायचा, हा आमच्या घरातला नियम माझ्या मुंजीइतका जुना आहे. परवा मी तो मोडला. एसटी स्वारगेटला लागली, रिक्षावाल्याशी रीतसर हुज्जत झाली, घरी येऊन आत्यानं दिलेल्या डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि आडवा झालो. रात्री पावणेबाराला फोन वाजला.

"पोचलास काय रे?"

"हो आत्या, केव्हाच."

"मग पोच द्यायची नाही? साठीला आलास, अजून पोच म्हणून नाही तुला."

फोन ठेवल्यावर अंधारात एकटाच हसलो. आत्या छत्तीस वर्षं पोस्टात होती, त्यामुळे 'पोच' हा शब्द तिच्या तोंडी सरकारी थाटात येतो. मनीऑर्डरच्या फॉर्मचा तो खालचा तुकडा, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन पाठवणाऱ्याकडे परत जाणारा, ती पोच. दुसरी पोच माणसाच्या अंगात असावी लागते. कुठे बोलावं, कुठे गप्प बसावं, दुसऱ्याला किती ताटकळत ठेवावं याची समज. ही दुसरी नसलेल्या माणसाकडून पहिली येत नाही, असा आत्याचा छत्तीस वर्षांचा अनुभव आहे.

मी स्वतः तीसेक वर्षं एका सहकारी बँकेचं नेटवर्क सांभाळलं. म्हणजे एका अर्थी आत्याचाच धंदा पुढे चालवला. आमच्याकडे या सगळ्याला 'प्रोटोकॉल' म्हणायचे. तो शब्द मीटिंगमध्ये निघाला की संचालक मंडळी ताठ होऊन बसायची, कारण त्यांना मंत्र्यांचा दौरा, लाल दिवा आणि हार घालण्याचा क्रम आठवायचा. मराठीत प्रोटोकॉलला राजशिष्टाचार म्हणतात, त्यात त्यांचा काय दोष? आमच्या प्रोटोकॉलात मात्र राजा नव्हता. दोन यंत्रांना एकमेकांशी बोलायचंय, तर आधी तोंड कोणी उघडायचं, ऐकू आलं नाही तर काय करायचं, आणि बोलणं संपलं हे कसं कळवायचं, एवढाच मामला.

हे नियम ज्या कागदांत लिहिलेले असतात त्यांना कोणी 'नियम' म्हटलेलंच नाही, ही मला या विषयातली सगळ्यात गोड गोष्ट वाटते. १९६९ च्या एप्रिलमध्ये स्टीव्ह क्रॉकर नावाच्या लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्यानं पहिला कागद लिहिला. तो मित्रांकडे राहत होता, रात्री कुणाची झोपमोड नको म्हणून न्हाणीघरात बसून लिहिला. वर शीर्षक काय द्यावं? आपण कोण टिकोजीराव नियम सांगणारे, या संकोचानं त्यानं लिहिलं, 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स'. अभिप्राय कळवावा, ही विनंती. आता अशा कागदांची संख्या नऊ हजारांच्या वर गेली आहे आणि सगळ्या जगाचा कारभार त्यांवर चालतो, पण नाव तेच. आमचा जुना वाणी बिलाच्या तळाशी 'चू. भू. द्या. घ्या.' लिहायचा, त्याच्याशी या माणसाचं छान जमलं असतं.

या कागदांत चेष्टेलाही जागा आहे. १९९० च्या एक एप्रिलला एक गंभीर चेहऱ्याचा प्रोटोकॉल निघाला: इंटरनेटचे संदेश कबुतरांच्या पायाला बांधून कसे पाठवावेत. अकरा वर्षांनी नॉर्वेतल्या बर्गेन गावच्या हौशी मंडळींनी तो खरोखर चालवून पाहिला. नऊ संदेश पाठवले, चारांची उत्तरं आली. सगळ्यात चपळ उत्तराला पाऊण तासाहून जास्त वेळ लागला, सगळ्यात निवांत कबुतरानं पावणेदोन तास घेतले. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "उरलेल्या पाचांची चौकशी केली काय कुणी?"

तिचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. हरवलेल्याची चौकशी कोणी करायची, हा या धंद्यातला मूळ प्रश्न आहे.

आमचे वडील नोकरीसाठी नागपूरला असताना बहीण-भावांची पत्रं चालायची आणि आत्याच्या हट्टापायी प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात नंबर असायचा. 'पत्र क्र. १४. तुझे क्र. ११ व १२ पावले.' पोस्टातलीच असल्यामुळे एकाच दिवशी टाकलेली दोन पत्रं वेगवेगळ्या गाड्यांनी जाऊन मागेपुढे पोचू शकतात, हे तिला ठाऊक होतं. एकदा वडिलांना १५ मिळालं, १७ मिळालं, मधलं मिळेना. त्यांनी तसं कळवलं आणि आत्यानं ते सोळावं पत्र पुन्हा लिहिलं, अगदी 'गवार सहा आणे पाव' यासकट. कारण तिच्याकडे प्रत्येक पत्राची नक्कल असायची आणि पोच येईपर्यंत ती फाडायची नाही, हाही नियम होता. मूळचं सोळावं पुढे सापडलं. शेजारच्या तिकिटं जमवणाऱ्या मुलानं पाकीटच लांबवलं होतं.

पुढे १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी अमेरिकेत एक शोधनिबंध लिहिला, त्यातून टीसीपी नावाचा प्रोटोकॉल आला. मी तो पहिल्यांदा शिकलो तेव्हा मला काही नवीन वाटलं नाही. मजकुराचे तुकडे करा, तुकड्यांना अनुक्रम द्या, प्रत्येक तुकडा मिळेल त्या वाटेनं जाऊ द्या, पलीकडे क्रमानं लावा, पोच आली नाही तर पुन्हा पाठवा, आणि पोच येईपर्यंत नक्कल फेकू नका. गवारीचा भाव सोडला तर सगळं आत्याचंच.

तुकडा केवढा, तर साधारण दीड हजार बाइटांचा. त्यातले चाळीस पत्ता, नंबर असल्या पाकिटावरच्या मजकुरात जातात. आपली देवनागरी इथे जरा खर्चिक. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, आपल्या प्रत्येक अक्षराला आणि काना-मात्रा-वेलांटीलाही तीन-तीन लागतात. 'पोच' या एवढ्याशा शब्दाला प, ओकाराची मात्रा आणि च मिळून नऊ बाइट. हा लेख आहे तसा पाठवला तर वीस-पंचवीस पाकिटं होतील. एखादं वाटेत गळलं, तर वाचकाला कळण्याआधीच दुसरं येऊन जागेवर बसेल. त्या पाकिटात माझा एखादा विनोद असेल तर गळलेलाच बरा, पण टीसीपीला तेवढी निवड नसते.

बोलणं सुरू करायचीही रीत आहे. आधी हा म्हणतो, बोलायचंय. तो म्हणतो, ऐकलं, मलाही बोलायचंय. हा म्हणतो, ऐकलं. तीन फेऱ्या झाल्या की मगच कामाचं. पुस्तकात याची आकृती काढून दोन पानं समजावलेलं असतं. टाळेबंदीच्या काळात मात्र अख्ख्या महाराष्ट्राला ते विनासायास समजलं. "माझा आवाज येतोय का?" "येतोय, माझा येतोय का?" "येतोय, येतोय." आमच्या सोसायटीच्या ऑनलाइन सभेत साठ सभासद होते आणि प्रत्येकानं हे बाकी सगळ्यांशी केलं. पार्किंगचा विषय अर्थातच पुढच्या सभेवर गेला.

सगळंच असं काटेकोर नसतं. लग्नात अक्षता टाकतात ते बघा. मागच्या रांगेतला पाहुणा 'सावधान' ऐकून मूठ भिरकावतो. चार दाणे नवरा-नवरीपर्यंत जातात, बाकीचे पुढच्या काकूंच्या अंबाड्यात. कोणी पोच मागत नाही, कोणी "सातवा दाणा मिळाला नाही, पुन्हा टाका" म्हणत नाही, तरी लग्न लागतं. या पद्धतीच्या प्रोटोकॉलला यूडीपी म्हणतात. १९८० सालचा त्याचा कागद जेमतेम तीन पानांचा आहे. व्हिडिओवरचं बोलणं बहुतेक असंच चालतं. नातीचा चेहरा क्षणभर चौकोनी झाला तर होऊ दे, मागचं हसू पुन्हा मागवून आताचं रडू थांबवण्यात अर्थ नसतो.

आता बँकेतली एक हकीगत. आमच्या एका शाखेत एक शिपाईमामा होते, अतिशय टापटिपीचे. टेबलावरचा टाचणीचा डबासुद्धा काटकोनात ठेवणार. एका सकाळी त्यांना भिंतीलगत एक निळी केबल लोंबकळताना दिसली. तिचं एक टोक स्विचमध्ये होतं, दुसरं मोकळं. स्विचवर एक भोक रिकामं होतं. मामांनी टोक उचललं, फुंकर मारली आणि रिकाम्या भोकात बसवलं. टक्‌ असा आवाज आला. मामा समाधानानं चहा आणायला गेले.

अर्ध्या मिनिटात शाखा बंद पडली. मी तासाभरानं पोचलो तेव्हा पासबुक घेऊन वीसेक माणसं उभी होती आणि स्विचवरचे सगळे हिरवे दिवे एकदम, एका ठेक्यात, आरतीतल्या टाळांसारखे लुकलुकत होते. दिवे असे एकसुरात लागले की आमच्या पोटात गोळा यायचा.

झालं काय, तर एका जागी राहणारी यंत्रं एकमेकांना हाक मारून शोधतात. जुन्या वाड्याच्या चौकात पोस्टमन उभा राहून ओरडायचा, "सबनीस कोण?" सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जायचं, पण 'ओ' फक्त सबनीसांनी द्यायची. १९८२ पासून यंत्रांचंही असंच चालतं, त्याला एआरपी म्हणतात. पोस्टमन ओळखपत्र मागत नसे, यंत्रंही मागत नाहीत. भलत्यानंच 'ओ' दिली तर पत्र त्याला. वाड्यातला विश्वास तेवढा त्यात शिल्लक राहिला आहे, आणि चोरांनी त्याचा वेळोवेळी फायदा घेतला आहे. स्विचचं काम ही हाक सगळ्या बिऱ्हाडांत पोचवायचं. मामांनी केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये घातल्यामुळे स्विचची हाक फिरून त्याच्याच कानावर आली. त्याला वाटलं नवी हाक, त्यानं ती पुन्हा सगळीकडे ओरडली. ती परत आली. इंटरनेटवर लांब जाणाऱ्या पाकिटावर एक आकडा लिहिलेला असतो, बऱ्याचदा ६४. प्रत्येक नाक्यावर तो एकानं कमी होतो आणि शून्य झाला की पाकीट तिथेच संपतं. वाड्यातल्या हाकेला असं आयुष्य नेमून दिलेलं नसतं. ती थकत नाही. सेकंदाला हजारो वेळा "सबनीस कोण, सबनीस कोण" चालू राहतं आणि 'ओ' द्यायलाही फट उरत नाही.

याच्यावर औषध आहे. रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये ते काढलं. स्विच आपापसात बोलून ठरवतात की या चक्रातली एक वाट आपण मिटल्यासारखी धरू, आणि सगळं जाळं झाडासारखं फांद्याफांद्यांचं होतं. त्यावर बाईंनी एक छोटी कवितासुद्धा केली आणि ती शोधनिबंधात छापली. आमचे स्विच स्वस्तातले होते. त्यांना ना हे औषध माहीत होतं, ना कविता. मी केबल उपटली, दिवे शहाण्यासारखे वेगवेगळे लुकलुकायला लागले. मामा चहा घेऊन आले, म्हणाले, "साहेब, तुम्ही आलात आणि लगेच चालू झालं बघा." मी मामांना खरं सांगितलं नाही. फक्त त्या भोकावर चिकटपट्टी लावली.

पत्त्यांचं मात्र आत्यानंच मला आधी शिकवलं. पत्रं लावताना ती पत्ता खालून वाचायची. मु. पो. कुरुंदवाड, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर. आधी जिल्हा बघायचा, त्या खणात टाकायचं, पुढचं त्या जिल्ह्याचे लोक बघतील. अख्ख्या देशातली माणसं एकाच खिडकीवरच्या बाईला पाठ असायची गरज नाही. इंटरनेटनं हे शिकायला वेळ लावला. सुरुवातीला सगळ्या यंत्रांची नावं आणि नंबर एकाच फाइलीत असायचे. ती फाइल कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला एलिझाबेथ फाइनलर यांच्या कचेरीत राहायची. नवं यंत्र आलं की तिथे कळवायचं, मग त्या फाइलीत एक ओळ वाढायची. यंत्रं शेकड्यांनी वाढली तेव्हा ते झेपेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आणलं: नाव उजवीकडून वाचा, शेवटच्या तुकड्यावरून जिल्हा कळेल, जिल्ह्याला तालुका विचारा, तालुक्याला गाव.

२०१४ मध्ये '.भारत' आलं, देवनागरीत पत्ता लिहायची सोय झाली. मी कौतुकानं आत्याला दाखवलं. मग आतली गोष्टही सांगितली, की डीएनएसच्या जुन्या वळणाला अजून रोमन अक्षरंच चालतात, त्यामुळे आपण 'भारत' लिहिलं तरी तारेवरून 'एक्सएन, दोन आडव्या रेघा, एच टू बी आर जे नाइन सी' असं काहीतरी जातं. आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हा तर त्या धाकट्याच्या फटफटीचा नंबर वाटतोय."

बँकेतून निवृत्त होताना मला कोणी विचारलं असतं, की या सगळ्यात तुला खरं आवडलं काय, तर मी १९८६ सालची गोष्ट सांगितली असती. कोणी विचारलं नाही. शाल आणि नारळ दिला.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या विद्यापीठात आणि तिथल्याच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत एक प्रकार घडला. दोन्हींमधलं अंतर चारशे यार्ड, म्हणजे आमच्या घरापासून भाजीवालीपर्यंत. त्यांच्यातली तार सेकंदाला ३२ हजार बिट नेत होती, ती अचानक ४० बिटांवर आली. ४० बिट म्हणजे पाच बाइट. मघाचा नऊ बाइटांचा 'पोच' त्या दिवशी पलीकडे पाठवायचा म्हटला तरी पावणेदोन सेकंदांच्या वर गेले असते. तार तुटली नव्हती, यंत्रं बिघडली नव्हती. गर्दी झाली होती इतकंच. गर्दीत पाकिटं गळायला लागली, पोच येईना, म्हणून प्रत्येकानं आपापलं पाकीट पुन्हा टाकलं. त्यानं गर्दी वाढली, आणखी गळली, आणखी टाकली. दिवाळीच्या आदल्या दिवशी स्वारगेटला एसटीच्या दारात जे होतं ते. बस रिकामी असते, पण दारात इतके जण एकदम घुसतात की आत कोणीच जात नाही. बाहेरचे आणखी जोर लावतात.

व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरेल्स या दोघांनी हे उलगडलं आणि १९८८ मध्ये त्यावरचा उपाय छापला. त्यांनी तार रुंद केली नाही, नाक्यावर हवालदार नेमला नाही. पाठवणाऱ्या यंत्राला जरा वळण लावलं. एकदम सगळी पाकिटं ओतायची नाहीत. आधी एक टाकायचं. पोच आली तर दोन, मग चार, मग आठ. आणि पोच आली नाही तर जोर वाढवायचा नाही. समोर गर्दी आहे असं समजून हात आखडायचा, थोडं थांबायचं, पुन्हा हळूहळू सुरू करायचं.

कोणी बघत नसताना, कोणी दंड करत नसताना, प्रत्येक यंत्र आपल्यापुरता हात आखडतं. समोरच्या तारेवर आणखी कोण कोण आहे हे त्याला दिसत नाही, फक्त आपली पोच आली की नाही एवढंच कळतं आणि तेवढ्यावरून ते दुसऱ्यांची अडचण ओळखतं. पहिल्या पोचेवरून दुसरी पोच. आत्यापाशी हे बोललो तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही. ती म्हणाली, "मग? खिडकीवर रांग मोठी असली की मी तिकिटं आधी देत होते आणि गप्पा नंतर."

आत्याचा फोन संपवणं ही एक वेगळी विद्या आहे. टीसीपीत बोलणं बंद करताना दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे 'माझं संपलं' म्हणावं लागतं, आणि एकाचं संपलं तरी दुसरा हवं तेवढं बोलू शकतो. पहिल्यानं ऐकत राहायचं आणि पोच देत राहायचं. मी "बरं, ठेवतो" म्हणतो. आत्या म्हणते, "हो, ठेव ठेव," आणि मग धाकट्याच्या लग्नाचं सुरू होतं. मी वीस मिनिटं "हं" देतो.

शेवटची 'ऐकलं' पोचली असं वाटल्यावरही यंत्र लगेच पाठ फिरवत नाही. न जाणो, ती वाटेत गळली असेल आणि पलीकडचा पुन्हा विचारेल, किंवा मागचा एखादा उशिराचा तुकडा आता येईल. म्हणून ते आणखी काही वेळ उंबऱ्यात उभं राहतं. १९८१ च्या कागदात हिशोब दिलाय: कुठलंही पाकीट फार तर दोन मिनिटं भटकेल असं धरायचं, आणि त्याच्या दुप्पट थांबायचं. चार मिनिटं. बँकेत या ताटकळणाऱ्या जोडण्यांची यादी पडद्यावर लांबलचक दिसायची आणि नवी पोरं विचारायची, "सर, हे संपलेलं आहे तर उगाच कशाला धरून ठेवलंय?"

परवा मिरजेहून निघालो. पाया पडलो, दोनदा "येतो" म्हटलं, रिक्षात बसलो. रिक्षा पंक्चरवाल्याच्या दुकानाशी वळली, स्टँडच्या रस्त्याला लागली आणि मग मला आठवलं. रिक्षा उलटी फिरवली. तीन-साडेतीन मिनिटं झाली असतील.

आत्या गॅलरीत तशीच उभी होती, हातात डबा घेऊन.